लिथियम बॅटरीच्या डब्यात निघाला कडप्पा! कॅम्पर व्हॅनवाल्यांनो, हे वाचून मगच गाडी गॅरेजला टाका

साताऱ्यात नाहीतर आसपास कुणाकडं कॅम्पर व्हॅन असेल आणि पावसाळ्याआधी ती कामाला टाकायचा विचार चालू असेल तर आधी हे वाचा, लांबलचक आहे पण वाचा. गॅरेजचं नाव टाकत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी सांगितलंय नाव कुठं लिहू नका. हायवेलगत आहे, एवढंच.

आमची गाडी फोर्स ट्रॅव्हलर, मागं बेड, छोटा ओटा, १२ व्होल्टचा फ्रिज, टपावर सोलर. आरसीवर मोटर कॅराव्हॅन म्हणून रीतसर नोंद आहे. पण अशा गाडीची गोम अशी की वर्षातला बराच काळ ती नुसती उभी असते. कासला फुलं आली की बाहेर काढायची, दिवाळीत कोकण, मे महिन्यात एखादा मोठा दौरा, बाकी वेळ कव्हर घालून पार्किंगमध्ये. आणि फसवणाऱ्याचं सगळं गणित ह्याच्यावरच बसलेलं असतं. मे मध्ये केलेलं काम कसं झालंय ते तुम्हाला कळणार सप्टेंबरात, तोपर्यंत तो म्हणायला मोकळा की ताई, गाडी तुम्हीच नीट ठेवली नाही.

तर झालं असं, दौऱ्यावरून आल्यावर गाडी सर्व्हिसिंगला आणि टपाच्या फटी सीलंटनं बुजवायला टाकली. मागच्या दोन ट्युब्युलर, म्हणजे शिसं-ॲसिडच्या बॅटऱ्यांना मीटर लावून मालक म्हणाला बाद झाल्या. मग लिथियमचं सुरू केलं. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, लिथियम ८०-९० टक्के वापरता येते, ट्युब्युलर एकेक पन्नास किलोच्या वर आणि ही उचलायला दहा-बारा किलो, गाडीवरचा भार कमी. ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, मी घरी येऊन सगळं वाचून खात्री केली, आणि तिथंच त्याच्यावर विश्वास बसला. माहिती खरी द्यायची आणि माल खोटा द्यायचा, ही त्याची पद्धत. लडाखला जाऊन आलेल्या गाड्यांचे व्हिडिओ पण दाखवले, ह्याच गॅरेजात बनल्यात म्हणून. बनल्या असतील की नसतील, देव जाणे.

१२.८ व्होल्ट १०० एएचची (एएच म्हणजे अँपियर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम फॉस्फेट बॅटरी ३८ हजार, चालत्या गाडीवर ती चार्ज व्हायला डीसी-डीसी चार्जर, त्याचे वेगळे. जुन्या बॅटऱ्या "आम्हीच टाकून देतो ताई, ॲसिडची घाण कशाला घरी नेता" म्हणत ठेवून घेतल्या. एवढं शिसं भंगारात चांगल्या पैशाला जातं, बॅटरीच्या दुकानात तर जुनी दिली की नवीच्या बिलातून पैसे वजा करतात, इथं एक रुपया वजा झाला नाही. पक्कं बिल मागितलं तर "साहेब, जीएसटी लावला की १८ टक्के वर जातील बघा" असं आमच्या ह्यांच्याकडं बघून. बॅटरीचं मी विचारतेय आणि उत्तर ह्यांना, असो. मी पक्क्या बिलावर अडून बसले म्हणून ते मिळालं आणि आज सगळी केस त्या एका कागदावर उभी आहे. वॉरंटी कार्डावर मात्र नुसता शिक्का, सिरीयल नंबरची जागा कोरी.

डिलिव्हरी संध्याकाळी दिली. फ्रिज चालू, फॅन चालू, सगळे दिवे लखलखाट, मॉनिटरवर १३.९ व्होल्ट. आता कळतं की इंजिन सगळा वेळ चालू ठेवलेलं होतं, म्हणजे तो आकडा अल्टरनेटरचा, इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राचा होता, बॅटरीचा नव्हे.

पुढं कासच्या सीझनला बामणोलीत मुक्काम केला. रात्री झोपताना १३.३ व्होल्ट, आणि पहाटेच्या आधीच सगळं एकदम बंद, फ्रिज फॅन दिवे सगळं. शिशाची बॅटरी उतरली की दिवे मिणमिणायला लागतात, लिथियमचं तसं नसतं, आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, सेलचा व्होल्ट फार खाली गेला की सप्लाय तोडूनच टाकतं. दूध गेलं, पोरांच्या खाण्याचं गेलं, ते जाऊ दे.

गॅरेजला फोन केला. "ताई, तुम्ही गाडी उभी ठेवली ना, लिथियम उभी ठेवली की बसते." ही चक्क थाप आहे, लक्षात ठेवा. लिथियम फॉस्फेट आपोआप फार हळू उतरते, महिन्याला दोन-तीन टक्के धरा, अर्धी चार्ज करून वायर काढून ठेवली तर महिनोन्‌महिने काही होत नाही. हे बोलल्यावर दुसरं कारण आलं, तुमचा सोलरचा चार्जर चुकीचा. तर त्या चार्जरची सेटिंग ट्युब्युलरवर ह्यांच्याच माणसानं ठेवलेली! ट्युब्युलरच्या सेटिंगला व्होल्टेज लिथियमला पाहिजे त्याच्या वर जाऊ शकतं, बॅटरी बसवली की ते बदलणं पहिलं काम.

माझा भाचा सांगलीत इन्व्हर्टर-बॅटरीचं काम करतो. तो म्हणाला आत्या, व्होल्टवर जाऊ नकोस, ह्या बॅटरीचं व्होल्टेज भरलेली असो नाहीतर पाव उरलेली, १३ च्या आसपासच घुटमळतं. म्हणून तर नुसता मीटर दाखवून गिऱ्हाईकाला गंडवणं सोपं जातं. किती एएच आहे हे कळायला लोड लावून घड्याळ बघायचं, दुसरा मार्ग नाही.

रविवारी येऊन त्यानं बॅटरी फुल चार्ज केली, सगळ्या वायरी काढल्या आणि हेडलाइटचे दोन एच-फोर बल्ब, ६० वॅटची बाजू, थेट तिच्यावर लावले. क्लॅम्प मीटरवर साडेनऊ अँपियरच्या आसपास. खरी १०० एएच असती तर दहा तास तरी बल्ब जळायला पाहिजे होते, साडेतीन तासात अंधार. म्हणजे ३३ एएच, लिहिलेल्याच्या एक तृतीयांश. ही टेस्ट करायला दोन बल्ब आणि एक दिवस लागतो बस, बल्ब फार तापतात म्हणून प्लास्टिकपासून लांब ठेवायचे. बॅटरी घेताना दुकानदारालाच सांगा माझ्यासमोर लोड टेस्ट कर, कां कूं करायला लागला तर उठून या.

मग डबा उघडला, सलग व्हिडिओ काढत, मधे कुठंही न थांबवता. आत ३२७०० साइजचे गोल सेल, एकेक ३.२ व्होल्ट ६ एएच. १०० एएच करायला असे ६८ लागतात, चार सिरीजला आणि सतरा पॅरलल. आत होते २४. त्यांच्या टोकांवर आधीच्या वेल्डिंगचे डाग, म्हणजे कुठल्यातरी जुन्या पॅकमधून उचकटलेले. उरलेल्या जागेत थर्माकोल आणि तळाला चक्क ओट्याच्या कडप्प्याचा तुकडा सिलिकॉननं चिकटवलेला!! ६८ सेलचंच वजन साडेनऊ-दहा किलो होतं, २४ मध्ये ते कुठून येणार, म्हणून दगड. भाच्याला आधी हसूच आवरेना.

आणि डीसी-डीसी चार्जर म्हणून जे लावलं होतं ती साधी रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, एक-दीड हजारच्या आतली. लिथियम थेट अल्टरनेटरला जोडली की ती करंट फार ओढते, अल्टरनेटर तापून जळू शकतो, तो चार्जर त्याच्यासाठीच असतो. आमची बॅटरीच एवढीशी निघाली म्हणून अल्टरनेटर वाचला म्हणायचा.

ह्याच्यानंतर आम्ही गाडीचं प्रत्येक काम उकरून बघितलं. टपाच्या व्हेंटभोवतीचं (हवेच्या झरोक्याभोवतीचं) जुनं सीलंट खरवडून ब्युटाइलची चिकट रबरी टेप आणि वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट ठरलं होतं, त्यांनी जुन्यावरच साधं सिलिकॉन फासलं. त्यामुळं बेडवरचा प्लाय फुगलेला, आम्ही दमट हवा समजत होतो. आता पीयू मारायचं तर सिलिकॉनचा कण न् कण काढावा लागणार, कारण सिलिकॉनवर ते धरतच नाही, म्हणजे काम दुप्पट. मागचे दोन टायर त्यांनी "नवीन" म्हणून घातलेले, तारखेचा कोड बाहेरच्या बाजूला दिसेना. पंक्चरवाल्यानं चाक उतरवून आतल्या बाजूचा दाखवला, शेवटचे चार आकडे ०९१८. म्हणजे २०१८ चा नववा आठवडा. तारीख बऱ्याच टायरला एकाच बाजूला असते आणि ह्यांनी बरोब्बर ती बाजू आत घातली.

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, तिथून काही हललं नाही, मग वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, त्यामुळं सहा महिने झाले आता काय उपयोग असं म्हणून घरी बसू नका. नोटीस गेल्यावर त्यानं चार्जरचे पैसे गुपचूप परत पाठवले. बॅटरीचं मात्र म्हणतो, डबा आधी गॅरेजला आणून द्या, बघतो आणि बदलून देतो. रोज एक फोन असतो. आम्ही डबा दिलेला नाही, कडप्प्यासकट सील करून वकिलांकडं ठेवलाय, आणि तुमच्यापैकी कुणाला त्याच पट्ट्यातनं अशी काळ्या डब्याची, सिरीयल नंबर नसलेली बॅटरी बसवून मिळाली असेल तर उघडायच्या आधी वजन करा, लोड टेस्टचा व्हिडिओ काढा आणि मला कळवा, वकील म्हणालेत अजून कुणी सापडलं तर फार बरं होईल.