थेरपीच्या नावाखाली: बोललेलंच माझ्यावर उलटवलं

बडोद्यात दांडिया बाजारात जन्म काढलेल्या मराठी माणसाला मन मोकळं करायला फोनवरचा परका माणूस का बरा वाटतो, हे इथल्यांना सांगायला नको. सकाळी शिंकलात तर दुपारपर्यंत रावपुऱ्यात तब्येतीची चौकशी सुरू होते. माझे वडील, म्हणजे नाना, स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. मध्यरात्री उठून पायजम्यावर कोट चढवतात, कचेरीला उशीर झाला म्हणतात, आणि दार उघडलं नाही की मला चोर ठरवतात. सकाळी मला मकरपुऱ्याला कंपनीत पोचायचं असतं, मुलगा बारावीला, आणि धाकटी बहीण पुण्याहून फोनवर सूचना देणार.

त्या काळात मोबाइलवर जाहिरात यायला लागली. रोजचा ताण, घरातले वाद, मराठीतून ऑनलाइन थेरपी, तणाव चाचणी मोफत. चाचणी दिली, निकाल 'तीव्र'. पुढे सगळं उघडकीला आल्यावर बायकोने तीच चाचणी प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' म्हणत भरली. तिचाही ताण तीव्रच निघाला! खऱ्या प्रश्नावलीत लपवाछपवी नसते. नैराश्यासाठी डॉक्टर वापरतात ती पीएचक्यू-९ घ्या: नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७, आपली आपण करता येते. आणि ती नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. यांच्या चाचणीत बेरीज कुठेच दिसत नव्हती. उलट शेवटी विचारलं होतं, 'घरात पैशांचे व्यवहार कोण बघतं?' आणि 'हा त्रास घरात कुणाला सांगितला आहे का?' गिऱ्हाईक एकटं आहे की नाही, एवढंच त्यातून हेरायचं.

पहिलं सत्र ९९ रुपयांचं. बाई बोलायला शांत, मराठी स्वच्छ. त्यांनी वहीत रकाने आखायला लावले: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, दुसरं काय कारण असू शकेल. नाना चोर म्हणाले की पहिल्या रकान्यात ते, दुसऱ्यात 'यांच्यासाठी मरतोय आणि हे बक्षीस', शेवटच्यात 'हा आजार बोलतोय'. ही पद्धत खरी आहे, सीबीटी नावाच्या उपचारात वापरतात, आणि मला तिने बरं वाटलं. हे मुद्दाम लिहितोय. सगळंच खोटं असतं तर मी दुसऱ्या दिवशी फोन ठेवला असता. इथे पहिला घास खराच भरवला होता.

मग पॅकेज आलं. महिना ४,९९९ रुपये, 'आजच घेतलं तर' या भावात, यूपीआय ऑटोपेवर. ऑटोपेला एकदा पिन टाकला की पंधरा हजारांपर्यंतची रक्कम पुढे दर वेळी पिन न विचारता कापली जाते. आदल्या दिवशी सूचना येते, पण वीजबिल आणि कर्जाच्या मेसेजांच्या ढिगात ती कोण वाचतो? मंजुरी आपल्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून स्वतः रद्द करता येते. त्यांनी मात्र मला 'तीन महिने लॉक आहे, सर' असं ठोकून सांगितलं.

पॅकेज घेतल्यावर त्या बाई दिसेनाशा झाल्या. दर वेळी नवा आवाज, नवी पदवी, कुणी 'मास्टर कोच', कुणी नुसतेच 'डॉक्टर'. एकदा रात्री मी नानांबद्दल लांबलचक लिहिलं, तर मिनिटभरात उत्तर आलं: 'ताई, सासूबाईंशी बोलताना आवाज खाली ठेवून बघा.' माझ्या घरात ना ताई, ना सासूबाई. चूक दाखवली तर 'सिस्टीम अपडेट चालू आहे'.

इथवर हे महागडं दुकान होतं, पुढचा प्रकार भयंकर. एका 'डॉक्टरां'नी नानांच्या गोळ्या बंद करून त्यांच्याकडची 'नैसर्गिक' पावडर सुरू करायला सांगितलं. नानांना न बघता, कुठली गोळी चालू आहे हेही न विचारता. मी नाही म्हणालो आणि पैसे परत मागितले. त्या संध्याकाळी फोन आला.

'सर, वडिलांना कुठेतरी सोडून यावंसं वाटतं असं तुम्ही म्हणाला होतात. रेकॉर्डिंग आहे. ज्येष्ठ नागरिकांचा कायदा माहीत आहे ना? तुमच्या बहिणीचा नंबर फॉर्मवर आहेच.'

फॉर्मवर 'आपत्कालीन संपर्क' म्हणून मी तिचाच नंबर दिला होता. असा नंबर खरे समुपदेशकही मागतात, त्यामुळे नंबर मागितला एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. २००७ चा तो कायदाही खरा आहे, पण त्यातली शिक्षा ज्येष्ठाला प्रत्यक्ष टाकून देणाऱ्याला आहे. दमलेल्या मुलाने मनातलं बोलून दाखवणं हा गुन्हा नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर आहे. खरा समुपदेशक पहिल्याच भेटीत गुप्ततेची मर्यादाही सांगतो: जिवाला धोका दिसला तर मला कुणाला तरी कळवावं लागेल. यांनी ती कधीच सांगितली नाही. 'शंभर टक्के गोपनीय, घरातही सांगू नका' हेच पालुपद. घरात सांगू नका, हे खरा समुपदेशक कशाला म्हणेल?

बहिणीला मीच आधी फोन केला. ती गप्प ऐकत राहिली आणि म्हणाली, 'दादा, मला इथे बसून नानांचं असं वाटलंय कितीदा. पाठवू दे त्यांना काय पाठवायचंय ते.' धमकीची हवा तिथेच गेली.

मग १९३० वर तक्रार नोंदवली. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर, आणि पैसे गेल्यावर जितक्या लवकर फिरवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त. माझे जुने हप्ते तोवर पार झाले होते. बँकेचं म्हणणं, मंजुरी तुम्हीच दिली होती. ते पैसे अजून आलेले नाहीत.

आता आधार हवा आहे त्यांनी काय बघावं? 'थेरपिस्ट', 'कोच' अशी पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याचं नाव मात्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावं लागतं, १९९२ च्या कायद्याने. नोंदणी क्रमांक मागा आणि पडताळा. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. ऑनलाइन औषध लिहून देताना त्यानेही नोंदणी क्रमांक दाखवायचा, असं २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत आहे. साधा समुपदेशक एमए झालेला आणि उत्तमही असू शकतो, परिषदेत नाव नाही म्हणून त्याला हाकलू नका. पण कुठे शिकला, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारल्यावर तो चिडता कामा नये.

आणि पैसेच नसतील तर १४४१६ फिरवा. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीतही. प्रत्यक्ष जायचं तर कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. 'तिथे ओळखीचं कुणी बघेल' ही आपल्याकडची भीती मला ठाऊक आहे. पण तिथे बसलेला ओळखीचा माणूसही स्वतःचाच नंबर यायची वाट बघत असतो.

धमकीचे मेसेज आले तर रागाच्या भरात चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, यूपीआय व्यवहाराचे क्रमांक आणि ज्या जाहिरातीवरून गेलात तिची लिंक, एवढं आधी जपून ठेवा, मगच नंबर ब्लॉक करा. तक्रार नोंदवताना मला पहिल्यांदा हेच मागितलं गेलं.