फॅमिली डॉक्टरांकडून डिप्रेशनवर उपचार : नऊ महिन्यांचा अनुभव

मी सहकारनगरला राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, वय 43. आमचे डॉक्टर माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. पिवळ्या पडलेल्या केसपेपरवर माझ्या गोवराचीही नोंद आहे. मी त्यांना डॉक्टरकाकाच म्हणते. त्यामुळे लिहायला जड जातंय, पण आधी काय चुकलं ते सांगते.

गेल्या वर्षी पालख्या पुण्यात आल्या त्या सुमारास मला पहाटे साडेतीनला जाग यायला लागली. छातीत जळजळ, पाठ धरलेली, जेवणावर वासना नाही. चार महिन्यांत पाच वेळा दवाखान्यात गेले. पित्ताच्या गोळ्या झाल्या, बी-12ची इंजेक्शनं झाली, थायरॉईड तपासला, तो नॉर्मल आला. "दगदग कमी कर, मन रमव," एवढंच. गणपतीत मोदकाची उकड मळून ठेवली आणि पारी करायला हातच उचलेना. ओट्याशी उभी राहून रडले. हे काकांना सांगितलं नाही. डॉक्टरांना पोटाचं सांगायचं, रडण्याचं काय सांगायचं, असं वाटायचं. पण त्यांनीही विचारलं नाही, आणि हे मला अजून लागतं. झोप, भूक, अंगदुखी, तिन्ही त्यांच्यासमोर होतं.

ऑक्टोबरात नवरा सोबत आला. "काका, ही रात्रभर जागी असते, कुणाशी बोलत नाही." काकांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला, कंपाउंडरला सांगितलं, "मी म्हणेपर्यंत कुणाला आत सोडू नकोस," नवऱ्याला बाहेर बसवलं आणि खणातून एक छापील कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. गुण जितके जास्त तितका आजार जास्त. माझे 17 भरले. नवव्या प्रश्नाला त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "जगणं नकोसं होतं का गं?"

मी हो म्हटलं. ते दचकले नाहीत. काही ठरवलंयस का, घरात कुठल्या गोळ्या आहेत, रात्री जवळ कोण असतं, असं एकेक विचारत गेले. मग माझी परवानगी घेऊन नवऱ्याला आत बोलावलं आणि घरातली सगळी औषधं त्याच्या ताब्यात ठेवायला सांगितली. कागदावर 14416 लिहून दिला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डिसेंबरात एका रात्री मी तो लावला. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, एवढं त्या रात्री पुरलं.

औषध एस्सिटालोप्राम, आधी 5 मिलिग्रॅम, आठवड्यानंतर 10. पहिले दहा दिवस मळमळ आणि जिवाची उलघाल. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे काकांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून टिकले. दर पंधरा दिवसांनी ते तारीख द्यायचे आणि तोच कागद पुन्हा भरून घ्यायचे. दिवाळीनंतर गुण 12 वर आले. त्याच आठवड्यात मंडईत मी मेथीच्या जुडीचा भाव केला. "किती दिवसांनी भाव केलास," नवरा म्हणाला आणि पिशवी हातात धरून तिथेच थांबला.

पण झोप सुधारेना, म्हणून डिसेंबरअखेर काकांनी मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. सासूबाईंच्या तोंडून पहिला शब्द "येरवडा" निघाला. काका स्वतः घरी येऊन त्यांच्याशी बोलले. अनोळखी डॉक्टरांनी हे कशाला केलं असतं? तज्ज्ञांनी डोस 15 केला, समुपदेशन सुचवलं. ते मी उशिरा सुरू केलं. आधीच करायला हवं होतं.

आता तक्रारी. बाहेरच्या बाकावर निम्मी आमची सोसायटी बसलेली असते आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू येतं. दुसरं, गोळी एकदम बंद करायची नसते हे मला कुणी ठळकपणे सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत बरं वाटलं म्हणून मी ती सोडली. तिसऱ्या दिवसापासून गरगरणं, डोक्यात विजेचे झटके आल्यासारखं. नवव्या दिवशी रडत काकांकडे गेले. ते रागावले नाहीत. चूक त्यांची होती असंही म्हणाले. तिसरं जास्त अवघड. या गोळ्यांनी नवराबायकोच्या संबंधातली इच्छा कमी होऊ शकते. मला तो त्रास झाला. ज्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलंय त्यांना हे कसं विचारायचं? ओळखीमुळे मी दवाखान्याची पायरी चढले आणि ओळखीपायीच हा प्रश्न महिनोन्महिने गिळला.

सध्या गुण 5 आहेत. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची, मग हळूहळू कमी करायची, असं ठरलंय. पुढची तारीख आषाढी एकादशीनंतरची आहे. तो राहिलेला प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून ठेवलाय. बोलायला जमलं नाही तर चिठ्ठीच त्यांच्या हातात देणार आहे.