जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ की लिनक्स मिंट?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून बरेच जण अडकलेत की आता करायचं काय. लॅपटॉप चालू राहतो हो, पण सिक्युरिटी अपडेट बंद झाल्यावर त्यावर बँकेची कामं करणं मला तरी पटत नाही.

खर्च म्हणाल तर ओरिजिनल विंडोज १० असेल तर ११ फुकट आणि मिंट (विंडोजच्या जागी टाकता येणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) तर सगळ्यांनाच फुकट, खरा घोळ हार्डवेअरचा आहे. ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. टीपीएम नाही असं दिसलं तर लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नका, आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) बघा, पुष्कळदा ते नुसतं बंद असतं. मिंटला ४ जीबी रॅम पुरते आणि व्हर्जन २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

मेहनत मिंटला जास्त. बॅकअप घ्यायलाच हवा, पण पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं, तेव्हाच वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासून घ्या. फोटोशॉप किंवा मॅक्रोवाल्या (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम असलेल्या) एक्सेल फाइल्स रोज लागत असतील तर मात्र मिंटच्या वाटेला जाऊ नका, मिंटमधलं लिबरऑफिस (एमएस ऑफिसला पर्याय) साध्या फाइल्स छान उघडतं पण मॅक्रो गडबडतात.

म्हणजे ऑफिसचं काम असेल आणि मशीन ११ च्या अटींत बसत असेल तर ११. ब्राउझर, मेल, व्हिडिओ एवढंच असेल आणि प्रोसेसर जुना असेल तर बिनधास्त मिंट टाका.