जांभळा शिक्का आणि 2,43,200 रुपये

साक्रोबोस्कोच्या 'स्फेरा'ची, म्हणजे खगोलशास्त्राच्या जुन्या लॅटिन पाठ्यपुस्तकाची, सोळाव्या शतकात जर्मनीतल्या विटेनबर्गला छापलेली प्रत, पानांवर दोऱ्यानं बसवलेल्या कागदी फिरत्या चकत्यांसकट, पूर्ण. असं सांगून विकलेल्या पुस्तकापायी माझे 2,43,200 रुपये गेले. 25,000 विसार म्हणून यूपीआयवर, 2,15,000 एनईएफटीनं आणि वर 3,200 पार्सलच्या विम्याच्या नावाखाली. विक्रेत्याची कहाणी नेहमीचीच: गोव्यात साष्टीतल्या भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, जुनं घर, वारस लिस्बनला, पुस्तकं लवकर हलवायची आहेत.

न बघता पैसे दिले असं कुणी म्हणू नये. फोटो मागवले होते, भरपूर मागवले होते. तावाच्या तीन घड्या घालून 8 पानं केलेल्या छोट्या पुस्तकात कागदाच्या ठळक रेषा उभ्या दिसतात आणि जलचिन्ह आतल्या कडेला वरच्या कोपऱ्यात, घडीत अर्धं तुटून येतं. तसंच होतं. छपाईच्या खिळ्यांचा दाब पानामागे उठलेला होता. आतले फर्मे (एकेका घडी घातलेल्या तावाच्या पानांचे जुडगे) खरेच आहेत, आणि तीच तर लबाडी. मोडकं खरं पुस्तक घ्यायचं, शीर्षकपान, शेवटचा फर्मा आणि चकत्या नव्या घालायच्या आणि 'पूर्ण' म्हणून विकायचं. फोटो कुठल्या पानांचे पाठवायचे हे त्याच्याच हातात होतं. म्हणून फोटो नकोत, अखंड व्हिडिओ मागा, एकेक पान उलटलेला, मागून उजेड धरलेला.

पण एक गोष्ट फोटोतही होती आणि ती आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. शीर्षकपानावर लंबगोल शिक्का होता, जुन्या गोव्यातल्या साव पाउलो कॉलेजचा, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या कॉलेजचा. जांभळ्या शाईत! जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून 1759 मध्ये हाकललं. अशा शाईतला जांभळा अॅनिलिन, म्हणजे कृत्रिम, रंग पहिल्यांदा सापडला 1856 मध्ये. म्हणजे ती शाई जन्मायच्या सत्त्याण्णव वर्षं आधीच ते कॉलेज जेझुइटांच्या हातून गेलं होतं. दोन्ही सनं मला तोंडपाठ आहेत. पण शिक्का दिसला की माणूस मालकी बघतो, शाई बघत नाही, आणि हे विकणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. त्या काळच्या मठांची आणि कॉलेजांची मालकीची नोंद बहुधा हातानं, लॅटिनमध्ये, तपकिरी पडलेल्या शाईत असते.

पुस्तक हातात आल्यावर सगळं उघडं पडलं. आपल्या दमट हवेत कसर आणि कीड कुठल्याही जुन्या पुस्तकाला सोडत नाही, आणि किडीचं भोक पानांतून सलग जातं. इथे दुसऱ्या पानावर भोक, तिसऱ्यावर भोक, पहिलं पान धडधाकट. चकती उचलली तर खालच्या पानावर गोल डाग नाही. इतकी वर्षं दोऱ्यावर फिरलेली चकती खाली वर्तुळ सोडतेच. कड कात्रीची नाही, साच्यानं कापलेली. 365 नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली चकत्या निळ्या-पांढऱ्या चमकल्या. जुना चिंध्यांचा कागद असा चमकत नाही. शीर्षकपान मात्र चमकलं नाही, कारण ते जुन्याच कोऱ्या पानावर छापलंय. तिथे दहापट भिंग लागतं: खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबून साठते, इथे नुसते ठिपके होते.

शिळाप्रेसच्या पंचांगांना मात्र दाबाची कसोटी लावू नका, दगडी छपाईत दाब उठतच नाही. आणि 'तीनशे वर्षांपूर्वी गोव्यात छापलेलं देवनागरी पंचांग' कुणी दाखवलं तर तिथूनच उठा. इथे छापखाना 1556 मध्ये आला, पण 1616चं मराठी ख्रिस्तपुराणसुद्धा रोमन लिपीत छापावं लागलं.

आता तक्रारीचं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद झाली, क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. पोलीस स्टेशनवर उत्तर मिळालं, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, दिवाणी दावा लावा." खोटा शिक्का उठवून विकणं हा सुरुवातीपासूनचा कपटी हेतू नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम कशासाठी आहे? मग म्हणे सरकारी तज्ज्ञाचा दाखला आणा. एका खात्यानं सांगितलं, आम्ही फक्त हस्तलिखितं बघतो. दुसऱ्यानं सांगितलं, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, दाखल्याशिवाय पत्र देता येत नाही. तो विक्रेता खातं चालवतोय, नंबर चालू आहे, आणि इथे फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. बँकेनं तर पैसे तुम्हीच पाठवलेत म्हणून हात झटकले.

गुन्हा नोंदवत नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली, आणि पोच जपून ठेवा. 'पूर्ण प्रत' हे शब्द विक्रेत्याकडून लेखी घ्या, फोनवर नको. विसार देऊ नका. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, पाकीट आणि पावती टाकू नका.

तोच लंबगोल शिक्का आता एका पोर्तुगीज नौकानयन-पंचांगाच्या फोटोवर फिरतोय, 90,000 मागताहेत. शाई तीच जांभळी आहे. कुणी पैसे पाठवू नका.