पेनल्टी घेऊन नवं इंजिन, की जुन्यावरच सीझन ओढायचा?

आमच्या फॅन्टसी लीगच्या (खऱ्या ड्रायव्हर्सची आपली टीम बनवून पॉइंट मिळवायचा खेळ) ग्रुपवर ऑगस्ट आला की हाच वाद पेटतो, कुणाचा तरी ड्रायव्हर नवीन इंजिन घेऊन मागून सुरू करणार असतो आणि तो विचारतो ठेवू का काढू, की लगेच चार जण चार दिशांना. म्हणून एकदाचं दोन्ही बाजूंनी लिहून टाकतो. फॉर्म्युला वन बघताय पण ही इंजिनाची भानगड डोक्यावरून जातेय अशांनाही चालेल.

नियम थोडक्यात. 2022 ला एका ड्रायव्हरला सीझनभरात तीन इंजिनं होती आणि रेस 22, म्हणजे एकेक इंजिन सात-आठ वीकेंड पुरवायचं. 2023 पासून चार मिळायला लागली. शिवाय टर्बो, एमजीयू-एच (एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज बनवणारा पार्ट, तो 2025 पर्यंतच होता), एमजीयू-के (ब्रेक मारताना वीज बनवणारा), बॅटरी, एक्झॉस्ट सगळ्यांचा कोटा वेगळा. कोट्याबाहेर पहिल्यांदा गेलात की रेसच्या सुरुवातीला 10 जागा मागे, त्याच पार्टला परत गेलात तर 5, आणि बेरीज 15 च्या वर गेली की सरळ शेवटच्या रांगेत. ती 5 वाली गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पेनल्टी घेणाऱ्यांची बाजू. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कुठे मार खायचा ते तुम्ही ठरवता. मोनॅकोला ओव्हरटेक म्हणजे जवळपास अशक्य, तिथे दहा जागा मागे गेलात की रविवार संपला, पण बेल्जियमच्या स्पाला केमेलची लांबलचक सरळ असते, गाडीत दम असेल तर माणूस मागून वर येतोच. 2022 ला स्पालाच रेड बुलचा वेर्स्टाप्पेन नवीन पार्ट घेऊन 14 व्या जागेवरून निघाला आणि जिंकला, बरं नुसता जिंकला नाही, कुणी स्पर्धेतच नव्हतं असं वाटलं. त्याच रेसला फेरारीचा लक्लेर पेनल्टी घेऊन 15 वा निघाला आणि सहावा आला. ट्रॅक तोच, पेनल्टी जवळपास तीच, फरक गाडीचा. म्हणजे पेनल्टी स्वस्त की महाग ते गाडी ठरवते, नियम नाही.

आणि 2021 चं ब्राझील कोण विसरेल! तेव्हा मर्सिडीजमध्ये असलेल्या हॅमिल्टनने आधी टर्कीला 10 जागांची पेनल्टी घेऊन झाली होती, त्यामुळे ब्राझीलच्या इंटरलागोस ट्रॅकला अजून एक नवीन इंजिन फक्त 5 जागांत पडलं. (हीच ती लक्षात ठेवायची गोष्ट.) त्यात मागच्या विंगच्या भानगडीत क्वालिफायिंगमधून (सुरुवातीच्या जागा ठरवणारी फेरी) बाद झाला, स्प्रिंटला (शनिवारची छोटी रेस) विसावा निघून पाचवा आला, मग पेनल्टी लागून मेन रेस दहाव्यावरून, तरी जिंकला. ताजं इंजिन सरळ रस्त्यावर काय करतं ते बघायचं असेल तर त्या वीकेंडचे हायलाइट्स बघा, दुसरं काही समजवायची गरज नाही.

अजून एक, क्वालिफायिंग आधीच माती झालं असेल तर पेनल्टी जवळपास फुकटात पडते. 2025 ला ब्राझीललाच वेर्स्टाप्पेन पहिल्याच राउंडला बाहेर, सोळावा, मग टीमने इंजिनही बदललं, सेटअपही बदलला, पिटलेनमधून (गॅरेजसमोरची गल्ली, म्हणजे सगळ्यांच्या मागून) निघाला आणि तिसरा आला. सोळाव्यावरून पिटलेनला जाण्यात गेलं काय?

दुसरी बाजू, जुन्यावर ओढायचं. ही बाजू मूर्खपणाची नाही हे आधीच सांगतो, कारण नवीन म्हणजे टिकणारच असं कुणी लिहून देत नाही. 2016 ला हॅमिल्टनने स्पाला एकाच वीकेंडला इंजिनांचा साठाच करून घेतला, 55 जागांची पेनल्टी, 21 वा निघाला, तिसरा आला. सगळे म्हणाले काय डोकं लावलंय. मग मलेशियाचं सेपांग. 56 लॅप्सची रेस, 41 वी चालू, हॅमिल्टन आरामात पुढे आणि पहिल्या वळणाकडे जाताना गाडीच्या मागून भसकन ज्वाळा. बेअरिंग गेलं. वर्षाच्या शेवटी त्याचाच टीममेट रोझबर्ग 385, हॅमिल्टन 380. पाच पॉइंट! पहिल्या नंबरचे 25 असतात, हिशोब तुम्हीच करा.

म्हणून जे जुन्यावर चालवतात ते काय करतात, शुक्रवारच्या प्रॅक्टिसला सगळ्यात घासलेलं इंजिन लावतात, चांगलं शनिवार-रविवारसाठी राखून ठेवतात, रेसमध्ये पुढे-मागे मोकळी जागा दिसली की वेग जरा आवरता घेतात. जपून वापरायचं, आमच्याकडे जसा जुना मिक्सर फक्त चटणीला आणि नवा पाहुणे आले की. पॉइंटची लीड मोठी असेल तर हे बरोबरच आहे. लीड नसेल तर मात्र दर रविवारी छातीत धडधड, आणि आवाज बदलला की संपलं.

याच्याही वरचा एक प्रश्न आहे तो म्हणजे इंजिन बनवतानाच काय ठरवायचं, आधी वेग की आधी टिकाऊपणा. 2022 पासून 2025 पर्यंत इंजिनाचं डेव्हलपमेंट गोठवलं होतं, पण टिकाऊपणासाठी बदल करायला एफआयएची (फॉर्म्युला वनचे नियम करणारी संस्था) परवानगी मिळायची. मग हिशोब सोपा, आधी वेगवान बनवा, फुटलं तर नंतर दुरुस्त करता येतं, हळू निघालं तर मात्र वर्षानुवर्षं अडकलात. फेरारीने हाच जुगार खेळला. 2022 च्या तिसऱ्या रेसनंतर लक्लेर वेर्स्टाप्पेनच्या 46 पॉइंट पुढे, मग स्पेनला लीडमध्ये असताना बंद, अझरबैजानच्या बाकूला लीडमध्ये असताना धूर. ऑस्ट्रियाला तर फेरारीचा दुसरा ड्रायव्हर साइन्झ दुसऱ्या नंबरसाठी वेर्स्टाप्पेनला गाठतच होता तेवढ्यात इंजिन फुटलं, चढावर थांबलेली गाडी पेटलेली आणि उलटी घरंगळतेय, हा ब्रेक सोडला तर गाडी मागे जाते म्हणून आत बसून राहिलाय आणि मार्शल यायला उशीर. ते बघून मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो.

त्याच वर्षी मर्सिडीज बरोबर उलटी. संपूर्ण गाडीच मंद होती म्हणून ही तुलना शंभर टक्के इंजिनाची नाही, पण त्यांचा ड्रायव्हर रसेल पहिल्या नऊच्या नऊ रेस टॉप फाइव्हमध्ये. कंटाळवाणं पण पॉइंट येत राहिले. शेवटी फेरारी 554, मर्सिडीज 515. एवढं सगळं फुटूनही फेरारी पुढे! जिंकलेल्या रेस चार विरुद्ध एक. फक्त टायटल दोघांनाही नाही, रेड बुल 759 वर, आणि त्यांच्याही दोन्ही गाड्या पहिल्याच रेसला बहारीनला शेवटच्या लॅप्समध्ये इंधनाच्या प्रॉब्लेमने बंद पडल्या होत्या, पण ते लवकर सावरले. माझं मत विचाराल तर वेग आधी, फक्त दुरुस्ती दोन-तीन रेसमध्ये जमली पाहिजे, फेरारीला जुलैपर्यंत जमली नाही.

तर तुमच्या टीमसाठी. गाडी पहिल्या दोन टीममधली असेल आणि ट्रॅक स्पा, इंटरलागोससारखा असेल तर पेनल्टीवाला ड्रायव्हर बिनधास्त ठेवा, उलट मागून निघाल्यामुळे जागा कमावल्याचे आणि ओव्हरटेकचे पॉइंट वर मिळतात. मिडफिल्डमधला (मधल्या फळीच्या टीमचा) असेल तर काढा, तो ट्रॅफिकमध्ये चौदावा येतो. मोनॅको, सिंगापूर, हंगेरीला कुणी पेनल्टी घेतली तर काही विचार न करता काढा. आणि ज्याचं इंजिन पाच-सहा रेस जुनं आहे आणि टीम अजून चालवतेय त्याला डबल पॉइंटवाला (ज्याचे पॉइंट दुप्पट धरले जातात तो ड्रायव्हर) करू नका, फुटलं तर सणसणीत मायनस बसतो. कुणी काय नवीन लावलं त्याचं एफआयएचं डॉक्युमेंट क्वालिफायिंगच्या आधी बघायला मिळतं बहुतेक वेळा, ते उघडा आणि मगच टीम लॉक करा. नंतर ग्रुपवर रडत येऊ नका.