बँकॉकचा राजवाडा: ५०० बाट कुठे वसूल होतात

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसचं परदेशी पाहुण्यांसाठीचं तिकीट ५०० बाट आहे. एक बाट अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये फिरतो, म्हणजे चौघांच्या घराला साडेपाच हजार रुपयांच्या आसपास खर्च. एवढे पैसे भरून बहुतेक सहलीचे गट आत पाऊण तास काढतात. सोनेरी स्तूपासमोर फोटो होतात, पाचूच्या बुद्धाला हात जोडून होतात, आणि बस पुढच्या ठिकाणाला निघते. ज्याच्यासाठी मराठी माणसाने तिथे जावं, ते मात्र बघायचं राहून जातं: वाट फ्रा केओ या राजमंदिराच्या चारी बाजूंच्या ओवऱ्या. (थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार, देऊळ.) या ओवऱ्यांच्या भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण रंगवलेलं आहे.

थायलंडमध्ये या कथेला 'रामाकिएन' म्हणतात. अयुथ्याचं आधीचं थाई राज्य १७६७ मध्ये लुटलं-जाळलं गेलं, १७८२ मध्ये 'पहिला राम' म्हणवल्या जाणाऱ्या राजाने बँकॉकला नवी राजधानी बसवली आणि राजवाडा व हे मंदिर बांधायला घेतलं. पुढे त्याच राजाने रामाकिएनची संहिता लिहवून घेतली. चित्रांची सुरुवात त्याच्याच काळातली, नंतर ती अनेकदा दुरुस्त झाली आणि पुन्हा रंगवली गेली. दमट हवेत भिंत पाणी शोषते आणि रंग सुटतो, त्यामुळे एखादा भाग दुरुस्तीसाठी बंद किंवा रंगकाम चालू असलेला दिसू शकतो.

आत शिरल्याबरोबर बसलेल्या ऋषीची काळसर मूर्ती लागते. गर्दी तिथून थेट सोनेरी स्तूपाकडे वळते. तुम्ही डावीकडे, उत्तरेच्या ओवरीत जा. पहिलं चित्र तिथे आहे: जनक राजाला जमिनीत सीता सापडते. तिथून देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने चालत राहायचं, कथा क्रमाने उलगडत जाते. समोरच्या खांबांवर संगमरवरी पाट्यांत त्या त्या प्रसंगाची थाई पद्यं कोरलेली आहेत. ती वाचता आली नाहीत तरी अडत नाही, पण नावांची ओळख करून गेलात तर फार मजा येते. राम म्हणजे फ्रा राम, लक्ष्मण फ्रा लक, सीता नांग सीदा, वाली पाली, सुग्रीव सुक्रीप, बिभीषण पिफेक. दशकंठाचा 'तोत्साकान' झाला आहे, आणि तो हिरव्या रंगाचा असतो. पांढरंशुभ्र वानर दिसलं की तो हनुमान.

आणि इथेच आपल्या माणसाला थबकायला होतं, कारण कथा ओळखीची असूनही तीच नाही. रामाकिएनमधली सीता रावण-मंदोदरीचीच मुलगी आहे. हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड नाहीसे होऊ लागतात, ते पळवणारी जलपरी सुवण्णमच्छा ही रावणाची मुलगी, आणि हनुमान तिच्या प्रेमात पडतो. त्यांचा मुलगा मच्छानू, म्हणजे आपला मकरध्वज, पुढे पाताळाच्या वाटेवर बापासमोरच उभा ठाकतो. मैयराप नावाचा राक्षस रामाला पळवायला येतो तेव्हा हनुमान प्रचंड रूप घेऊन रामाची छावणी तोंडात धरून बसतो. अहिरावण-महिरावणाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या माणसाला हे चित्र शोधावंसं वाटेल, आणि ते सापडतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हेच काम द्या: पांढरा हनुमान कुठे कुठे आहे ते मोजायचं. कंटाळा जवळपासही फिरकत नाही.

सगळी १७८ चित्रं नीट बघायला दीड तास लागतो. तेवढा नसेल तर उत्तर आणि पूर्व बाजू निवांत बघा, बाकीच्या बाजूंनी चालत जा. चित्रातलं सोनं तिरप्या उजेडात उठून दिसतं, म्हणून सकाळची वेळ उत्तम. दरवाजे साडेआठला उघडतात, तिकीट विक्री दुपारी साडेतीनला थांबते. साडेआठला रांगेत असाल तर पहिला तास ओवऱ्या जवळजवळ रिकाम्या मिळतात. दहानंतर गटांचे लोंढे सुरू होतात आणि अकरानंतर अंगणातली फरशी तापते.

पाचूचा बुद्ध नावापुरता पाचूचा. मूर्ती हिरव्या जेडसारख्या दगडाची, ६६ सेंटीमीटर उंच, आणि इतक्या उंचावर बसवली आहे की लहानशीच दिसते. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंचे तिचे तीन पोशाख आहेत, आणि ते राजा बदलतो. पादत्राणं बाहेर काढायची, आत फोटो बंद, बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. चक्री महाप्रासाद ही युरोपीय धडावर थाई छपरं चढवलेली इमारत बाहेरूनच बघायची, दहा मिनिटं पुरतात.

कपड्यांवरून माघारी फिरवलेले लोक रोज दिसतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फाटकी जीन्स आणि अंगाला चिकटलेल्या लेगिंग्ज चालत नाहीत. बिनबाह्यांच्या टॉपवर ओढणी घेऊन भागेल असं धरून जाऊ नका, बाह्यांचाच कपडा घाला. सुती सलवार-कमीज किंवा कुडता आणि सैल पायजमा हा त्या उकाड्यातही सोयीचा वेश आहे.

दुसरी अडचण दरवाज्याबाहेर उभी असते. नीटनेटके कपडे घातलेला कोणीतरी गोड बोलत सांगतो की आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, तोवर टुकटुक रिक्षाने दुसरी देवळं दाखवतो, फक्त वीस बाट. ती फेरी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात संपते. राजघराण्याच्या समारंभाचे मोजके दिवस सोडले तर राजवाडा रोज उघडा असतो. रस्त्यावर कोणी काहीही म्हणो, ना फ्रा लान रस्त्यावरच्या मुख्य फाटकापर्यंत चालत जा आणि स्वतः बघा.

पोहोचायला नदी सर्वांत चांगली. स्काय ट्रेनने साफान ताक्सिन स्टेशनला उतरलं की खालीच साथोर्न धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट था चांग धक्क्याला सोडते, तिकीट १६ बाट. धक्क्यावर पर्यटक बोटीचं काउंटर आधी लागतं आणि तिथले लोक तुम्हाला तिकडेच बोलावतात. ती बोट वाईट नाही, पण बरीच महाग आहे. नारिंगी झेंड्याची म्हणून स्पष्ट विचारा. पाऊस असेल तर मेट्रोचं सनाम चाय स्टेशन गाठा. स्टेशनच दरबारासारखं सजवलं आहे. मात्र तिथून राजवाड्याचं फाटक एक किलोमीटरहून जास्त लांब पडतं, वाट फो हे देऊळ अगदी जवळ.

वाट फोचं तिकीट ३०० बाट. ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध बघायला सगळे येतात आणि तो बघण्यासारखाच आहे, विशेषतः तळपायांवरची शिंपल्यांच्या जडणीतली १०८ शुभचिन्हं. पण तिथून परस्पर बाहेर पडू नका. आतल्या मुख्य मंदिराच्या पायथ्याच्या कठड्यावर संगमरवरात कोरलेले १५२ शिल्पपट आहेत, तेही रामाकिएनचेच. राजवाड्यातल्या चित्रांत सोनं आणि गर्दी डोळ्यांत भरते, इथे नुसती रेषा आहे. एकेका पटात दोन-चार आकृत्या, ताणलेलं धनुष्य, उडी मारणारं वानर. मला हे शिल्पकाम चित्रांहून सरस वाटतं, आणि इथे गर्दीही नसते. मालिश शिकवणारी जुनी शाळा याच आवारात आहे. दुपारी तिथे बराच वेळ थांबावं लागतं, तेव्हा आधी नाव नोंदवून मग शिल्पं बघा.

समोरच्या काठावरचं वाट अरुण, म्हणजे आपल्याच शब्दातला अरुण, था तियेन धक्क्यावरून पाच बाटच्या नावेने गाठता येतं. तिकीट २०० बाट. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या शिखराच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील त्यांनी खालूनच बघावं. मंदिराच्या दारावर दोन महाकाय राक्षस उभे आहेत. हिरवा तोत्साकान एव्हाना ओळखीचा झालेला असतो, पांढरा तो 'सहत्सदेचा' नावाचा राक्षस.

राजवाड्याच्या तिकिटाचा अर्धा भाग बहुतेक लोक फेकून देतात. त्यात राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय आहे, आणि साला चलेर्मक्रुंग या १९३३ मधल्या राजनाट्यगृहातला खोनचा प्रयोगही. खोन म्हणजे मुखवट्यांचं नृत्यनाट्य, २०१८ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत आलं. राक्षस आणि वानर मुखवटे घालतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. निवेदन आणि गाणं बाजूला बसलेले गायक करतात. पिंगुळीचा चित्रकथी ज्याने पाहिला आहे, त्याला चित्र एकीकडे आणि वाणी दुसरीकडे ही रीत लगेच ओळखू येईल. प्रयोग अर्ध्या तासाहून लहान, फक्त सोमवार ते शुक्रवार. म्हणून राजवाडा शनिवार-रविवारी ठेवू नका. तिकीट घेतानाच त्या दिवसाच्या वेळा आणि नाट्यगृहाच्या मोफत गाडीची जागा विचारून घ्या. सकाळी चित्रं बघून गेलेल्या माणसाला मंचावरचं प्रत्येक पात्र रंगावरून कळतं. क्रम उलटा केलात तर नुसता भरजरी नाच दिसतो.

नाट्यगृहातून पायी फाहुरातची भारतीय वस्ती गाठता येते, तिथे रोटी-भाजीची सोय होते. थाई जेवायचं असेल तर पिवळ्या कागदावर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकानं शोधा. त्यांत मांस, मासे, अंडी नसतात आणि कांदा-लसूणही नसतो. इतर ठिकाणी नुसतं 'भाज्या घाला' म्हटलं तर माशांचा सॉस पडतोच, म्हणून 'माय साय नाम प्ला' हे चार शब्द पाठ करून ठेवा.

संध्याकाळी पाय चालत असतील तर फाहुरातहून महाझोपाळ्याकडे जा. लाल सागवानी खांबांवर झोके घेण्याचा शैव विधी १९३५ मध्ये बंद झाला. जवळच राजब्राह्मणांचं देवस्थान आहे, पहिल्या रामाने १७८४ मध्ये बांधलेलं: शंकर, गणपती आणि विष्णू यांच्या तीन साध्या पांढऱ्या वास्तू. ते लवकर बंद होतं, त्यामुळे ते बघायचंच असेल तर खोनचा दुपारचा पहिला प्रयोग धरा.