उदयपूरची पिछोला बोट राइड : सनसेटच्या तिकिटामागे धावू नका

दिवाळीच्या सुट्टीत अर्धं बडोदं उदयपूरला असतं हे काही नवीन नाही, पिछोला तलावाच्या घाटावर मेवाडीपेक्षा गुजराती जास्त ऐकू येते आणि मधेच कोणीतरी "अगं पर्स सांभाळ" म्हणून ओरडलं की समजायचं बडोद्याच्या दांडिया बाजारातले मराठी पण पोचले. यंदा आम्ही पण होतो, मी, नवरा, मुलगा, सासूबाई आणि नणंदेची फॅमिली.

व्ह्यूचं नंतर सांगते, आधी लाइफ जॅकेटचं. बडोद्याच्या माणसाला हे सांगायची गरजच नाही. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, बोटीत जास्त माणसं भरलेली आणि कितीतरी मुलांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. जुन्या लोकांना तर 1993 ची सूरसागर तलावातली बोट दुर्घटना पण आठवते. त्यामुळे आमच्याकडे सासूबाई बोट कशी दिसते ते बघतच नाहीत, आधी जॅकेट बघतात आणि मग माणसं मोजतात.

तर इथे जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू देत नाहीत, हे चांगलं. पण आमच्या मुलाला जे दिलं ते मोठ्या माणसाचं, बसल्यावर गळ्यातून वर सरकून थेट कानापर्यंत आलं, आणि खालच्या पट्ट्याचं बक्कल तुटलेलं म्हणून तिथे नुसती गाठ मारलेली. नवऱ्याने दुसरं मागितलं तर "चलेगा साहब, बच्चा ही तो है". नाही चालणार. जरा आवाज चढवल्यावर मागच्या पेटीतून लहान साइझचं निघालं, म्हणजे होतं की! मुलं बरोबर असतील तर मागून घ्या आणि बक्कल स्वतः ओढून बघा, घाई करतील तर करू दे. दुसरीकडे एक गोष्ट आवडली, बोट भरल्यावर नणंदेची मुलगी आणि तिचे बाबा बाहेर राहिले, आम्ही म्हटलं दोघं ॲडजस्ट होतील, तर बोटवाला सरळ नाही म्हणाला, पुढच्या बोटीत या. आम्ही कुरकुर करणार तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "बरोबर करतोय तो, बसा गप."

आता वेळेचं. सगळे सनसेटचा स्लॉट मागतात आणि त्याचं तिकीट चांगलंच महाग असतं. माझं मत, नका घेऊ. सिटी पॅलेस तलावाच्या पूर्वेच्या काठावर आहे, म्हणजे दुपार कलली की ऊन थेट त्याच्या तोंडावर येतं आणि ती लांबच लांब भिंत, झरोके, घुमट सगळं पिवळंधम्मक दिसतं. सूर्य टेकला की पॅलेसवरचा उजेड जातो, मग तुम्ही पश्चिमेच्या डोंगरांचे फोटो काढत बसता जे काठावरून फुकटात पण निघतात. सकाळी उलटं, सूर्य पॅलेसच्या मागे, फोटोत पॅलेस काळा येतो. त्यामुळे सनसेटच्या आधीची बोट बेस्ट, पैसे कमी आणि गर्दी पण जरा कमी. सूर्यास्त बघायचाच असेल तर उतरून अंब्राई घाटावर जाऊन बसा, समोर पॅलेसचे दिवे लागताना दिसतात.

बोटीतून गणगौर घाटाच्या कमानी दिसतात, मग जगनिवास, म्हणजे ते पाण्यातलं पांढरं लेक पॅलेस हॉटेल. तिथे उतरता येत नाही, फक्त हॉटेलच्या पाहुण्यांना, तरी आमच्या बोटीत एक काका शेवटपर्यंत विचारत होते की चहा प्यायला तरी सोडतील का. जगमंदिर बेटावर थांबणारी बोट असेल तर मात्र सोडू नका. काठावर दगडी हत्तींची रांग आहे, मुलं तिथून हलत नाहीत. शहाजहान शहजादा खुर्रम असताना बापाविरुद्ध बंड करून इथे आश्रयाला राहिला होता, आणि 1857 मध्ये नीमचहून पळालेल्या इंग्रज कुटुंबांना महाराणा स्वरूपसिंहांनी इथेच ठेवलं होतं. ही माहिती बोटीत कोणी देत नाही, आणि दिली असती तरी इंजिनच्या आवाजात ऐकू आली नसती. खाणं बेटावर महाग आहे, बाहेरच खा.

राजवाड्याचं म्हणाल तर बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेससमोरून रोज स्कूटर नेणाऱ्या आपल्या लोकांना राजवाडा बघून असं काही होत नाही, पण पाण्यातून वर उठलेला राजवाडा ही गोष्ट वेगळी, तिथे मी पण गप्प झाले, तेवढं मान्य.

खर्चाचं एक, पॅलेसच्या आतल्या घाटावरून बसायचं असेल तर आवारात शिरायचं तिकीट वेगळं आणि बोटीचं वेगळं, काउंटरवर दोन्ही मिळून किती ते आधी विचारा नाहीतर सहा माणसांचा हिशोब करताना डोळे पांढरे होतील. दूध तलाईच्या बाजूने पण बोटी सुटतात, आणि तिथूनच करणी मातेचा रोपवे आहे त्यामुळे दोन्ही एका फेरीत होतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी किती आहे ते हॉटेलवाल्याला फोन करून विचारा, पिछोला आटतो.

मुलांना नुसतं बसून बघायचा कंटाळा येत असेल तर फतेहसागर तलाव बरा, तिथे बोटीने नेहरू पार्कच्या बेटावर जाता येतं, सौर वेधशाळा पण पाण्यातच दिसते आणि काठावर खायची चंगळ. पण ज्येष्ठ मंडळी असतील तर पिछोलाच. फक्त बोटीत चढताना पायरी आणि बोट यात चांगलं अंतर पडतं, बोट हलत असते आणि हात द्यायला एकच मुलगा उभा असतो, सासूबाईंना आम्ही दोघांनी धरून उतरवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कोणी बरोबर असेल तर त्यांना शेवटी चढवा आणि काठाच्या सीटवर बसवा, मधे बसवलं तर उतरताना सगळ्यांच्या पिशव्यांवरून पाय टाकत यावं लागतं.

पाचपैकी चार. एक त्या बक्कलचा कापला.